साइट पाडायची सुपारी आणि बीडचे सायबर ठाणे

११ डिसेंबर २०२४ रोजी हेगच्या युरोपोलने (युरोपीय संघाची पोलीस संस्था) जाहीर केले, की पंधरा देशांच्या पोलिसांनी मिळून २७ संकेतस्थळे बंद पाडली आहेत. ती चालवणारे तिघे फ्रान्स आणि जर्मनीत पकडले गेले आणि तीनशेहून अधिक ग्राहकांची ओळख पटली. या संकेतस्थळांवर माल एकच मिळायचा: दुसऱ्याचे संकेतस्थळ पाडून देणे. थोडे पैसे भरायचे, पत्ता टाकायचा, किती मिनिटे ते निवडायचे आणि बटण दाबायचे. नाताळच्या सुट्टीत ऑनलाइन खेळांच्या आणि दुकानांच्या साइट पाडण्याची जणू परंपराच झाली आहे, म्हणून मुहूर्त डिसेंबरचा. मोहिमेचे नाव ‘ऑपरेशन पॉवरऑफ’. सहभागी देशांच्या यादीत अमेरिका, ब्रिटन, नेदरलँड्स ही नेहमीची नावे होतीच. ब्राझील, जपान, रोमानिया होते आणि लोकसंख्येने आपल्या बीड जिल्ह्याहूनही लहान असलेला लाटव्हियाही होता. भारत नव्हता.

सायबर गुन्हेगारीवर मराठीत पुष्कळ लिहिले जाते, पण ते बहुतेक बँक खाते, ओटीपी आणि ‘डिजिटल अरेस्ट’ यांच्याभोवती फिरते. तिथे पैसे जातात, माणूस रडत ठाण्यात येतो, बातमी होते. साइट पाडण्याच्या गुन्ह्यात पैसे जाताना दिसत नाहीत. कदाचित त्यामुळेच या बाजाराचा आणि त्याच्यामागे लागलेल्या पोलिसांचा नीट आढावा आपल्याकडे घेतला गेलेला नाही.

आधी हल्ला काय असतो ते पाहू. ‘डीडॉस’ म्हणजे हजारो यंत्रांनी एकाच वेळी एकाच सर्व्हरवर मागण्यांचा भडिमार करायचा. कुलूप फोडायचे नाही, आतली माहिती चोरायची नाही. दारात एवढी झुंबड उडवायची, की खऱ्या गिऱ्हाइकाला आत शिरता येऊ नये. बीडकराला ही अवस्था नवी नाही. पीकविमा भरायच्या शेवटच्या दिवशी गेवराई-माजलगावच्या सेवा केंद्रांवर ‘सर्व्हर डाऊन’ची जी रड असते, ती खऱ्या शेतकऱ्यांच्या खऱ्या गर्दीने आलेली असते. डीडॉसमधली गर्दी भाड्याची असते, एवढाच फरक. पण या फरकामुळेच मोठी अडचण होते. साइट आपसूक बसणे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे, की कुणीतरी ती मुद्दाम पाडली असेल असा संशयसुद्धा येत नाही. मग तक्रार कसली?

भाड्याची गर्दी जमवण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत हल्लेखोर स्वतःचा पत्ता लपवून सावजाचा पत्ता लावतो आणि इंटरनेटवर उघड्या पडलेल्या सर्व्हरना लहानसा प्रश्न विचारतो. उत्तर भलेमोठे असते आणि ते जाते सावजाच्या दारात. डीएनएस, एनटीपी, मेमकॅश्ड अशा साध्या कामाच्या सेवा यासाठी राबवल्या जातात. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी ‘गिटहब’वर आलेला १.३५ टेराबिट प्रतिसेकंदाचा लोंढा याच मार्गाने आला होता. दुसऱ्या रीतीत लोकांचीच यंत्रे गुलाम केली जातात. घरातला राउटर, दुकानातल्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर. बसवणारा माणूस कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवून निघून जातो आणि मालकाला पासवर्ड असतो हेच ठाऊक नसते. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या प्रणालीने अशीच लाखो यंत्रे पकडली. त्या सप्टेंबरमध्ये सायबर गुन्ह्यांवर लिहिणारे पत्रकार ब्रायन क्रेब्ज यांची साइट तिने पाडली. ऑक्टोबरमध्ये याच जातीच्या यंत्रफौजेने साइटचे पत्ते सांभाळणाऱ्या ‘डिन’ या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेतल्या कितीतरी मोठ्या साइट काही तास गायब झाल्या. मिराई लिहिणारे कुणी परराष्ट्राचे हेर नव्हते. विशीच्या आसपासचे तीन अमेरिकन तरुण होते आणि सुरुवात झाली होती माइनक्राफ्ट या खेळाच्या सर्व्हरवरच्या धंद्यातल्या चढाओढीतून.

यातून बाजार उभा राहिला. विकणारे स्वतःला ‘स्ट्रेसर’ म्हणवतात, म्हणजे तुमचा सर्व्हर किती ताण सोसतो ते तपासून देणारे. गिऱ्हाइके त्यांना ‘बुटर’ म्हणतात. तुम्ही जो पत्ता टाकता तो तुमचाच आहे का, असे कुणीही विचारत नाही. अमेरिकेतल्या खटल्यांत सरकारी वकिलांनी नेमके याच गोष्टीवर बोट ठेवले आणि चाचणीची सबब टिकली नाही.

धंदा किती फोफावला होता हे वेबस्ट्रेसर या एका साइटवरून कळते. एप्रिल २०१८मध्ये डच पोलीस आणि ब्रिटनची नॅशनल क्राइम एजन्सी यांनी ती बंद केली, तेव्हा तिच्यावर १,३६,००० ग्राहक नोंदलेले होते आणि ४० लाख हल्ले होऊन गेले होते. वर्गणी महिन्याला १५ युरोपासून. चालवणारे ब्रिटन, क्रोएशिया, कॅनडा आणि सर्बियात होते. त्याआधी २०१६मध्ये ‘व्हीडॉस’ चालवणारी दोन इस्रायली मुले पकडली गेली. दोन वर्षांत त्यांनी सहा लाख डॉलरवर कमाई केली होती. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायरच्या एका मुलाने शाळकरी वयात ‘टायटॅनियम स्ट्रेसर’ लिहिला आणि त्यावरून सतरा लाखांच्या आसपास हल्ले झाले. २०१७ साली त्याला दोन वर्षांची कैद झाली.

गिऱ्हाईक कोण असते? बहुतेक वेळा खेळात हरलेला पोरगा. प्रतिस्पर्ध्याची जोडणी दोन मिनिटे तोडली की डाव आपला. २०१५च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश पोलिसांनी ‘लिझार्ड स्ट्रेसर’च्या ग्राहकांवर धाड घातली, तेव्हा पकडलेली सहाही मुले पंधरा ते अठरा वर्षांची होती. (त्यानंतर काही दिवसांतच पोलिसांची स्वतःची साइट पाडण्यात आली. या धंद्याला विनोदबुद्धी आहे.) पण पोरखेळावर थांबले तर चित्र अर्धेच राहते. लायबेरियात एका दूरसंचार कंपनीच्या वरिष्ठ माणसाने प्रतिस्पर्धी ‘लोनस्टार’ कंपनीचे जाळे पाडण्यासाठी एक ब्रिटिश हॅकर दरमहा पैसे देऊन ठेवला होता. त्याच हॅकरच्या यंत्रफौजेने नोव्हेंबर २०१६मध्ये जर्मनीत डॉइचे टेलिकॉमचे सुमारे नऊ लाख राउटर झोपवले. तो लंडनच्या विमानतळावर धरला गेला, आधी जर्मनीत खटला चालला, मग ब्रिटनमध्ये, आणि जानेवारी २०१९मध्ये ३२ महिन्यांची शिक्षा झाली. ही सुपारी शब्दशः सुपारी होती. केबल, ब्रॉडबँड, शिकवणी, वृत्तवाहिनी असा जो जो धंदा जाळ्यावर चालतो, त्यातल्या चढाओढीत ती देता येते.

आता पोलिसांकडे वळू. त्यांच्या दहाएक वर्षांच्या धडपडीचे तीन टप्पे दिसतात.

पहिल्यात मालकाला पकडायचे. व्हीडॉस, टायटॅनियम हे त्यातले. बातमी मोठी होते, बाजार मात्र महिनाभरही अडत नाही. दुसऱ्यात एकाच वेळी पुष्कळ साइट उपटायच्या. डिसेंबर २०१८मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने पंधरा पत्ते जप्त केले, डिसेंबर २०२२मध्ये ४८, मे २०२३मध्ये आणखी तेरा. केंब्रिज विद्यापीठाच्या सायबरक्राइम सेंटरने हल्ल्यांची मोजदाद ठेवून यातून काय साधले ते तपासले. २०१८च्या नाताळातल्या कारवाईने हल्ले सुमारे दहा आठवडे दबले, मग बाजार पुन्हा भरला. पुढच्या लाटांचेही तेच. जप्त साइटचे मालक नव्या नावाने परत येतात, काही तर दोन दिवसांत. वारंवार तोच घाव घातला की तो बोथट होत जातो, हेही संशोधकांना दिसले.

त्याच पाहणीतली एक नोंद मला सगळ्या धाडींपेक्षा महत्त्वाची वाटते. डिसेंबर २०१७पासून पुढे सहा महिने ब्रिटिश पोलिसांनी गुगलवर साधी जाहिरात दिली होती. कुणी ‘बुटर’ शोधले, की वर ओळ यायची: हे बेकायदा आहे. त्या काळात अमेरिकेतल्या सावजांवरचे हल्ले वाढत राहिले, ब्रिटनमधली वाढ थांबली. हेलिकॉप्टर नाही, दरवाजे फोडणे नाही. गुन्हा आहे हेच ज्यांना माहीत नव्हते अशी मुले ती ओळ वाचून मागे फिरली, असाच त्याचा अर्थ लावावा लागतो. पेमेंटचा मार्ग बंद करण्याचाही असाच उपयोग झाला. डेमन मॅककॉय आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी बुटरवाल्यांची पेपॅल खाती हुडकून ती बंद करवली, तेव्हा धंद्याला चांगलाच चटका बसला. पुढे तो बिटकॉइनकडे वळला ही गोष्ट वेगळी, पण बिटकॉइन विकत घेणे चौदा वर्षांच्या पोराला पेपॅलइतके सोपे नाही.

तिसरा टप्पा ग्राहकाचा. साइट जप्त केली की तिची वहीही हाती लागते. कुणी, कधी, कुणावर, किती मिनिटे. वेबस्ट्रेसरच्या वहीतून पुढे जगभर चौकशा निघाल्या. मार्च २०२३मध्ये नॅशनल क्राइम एजन्सीने सांगितले, की काही ‘बुटर’ साइट खुद्द तिनेच मांडलेल्या आहेत. कित्येक हजार लोक त्यांवर गेले, नाव नोंदवून बसले, आणि त्यांना हल्ल्याच्या साधनांऐवजी पोलिसांचा निरोप मिळाला. ब्रिटनमधल्यांशी स्थानिक पोलीस बोलणार होते. परदेशातल्यांची माहिती त्या त्या देशांच्या यंत्रणांकडे जाणार होती.

हे शेवटचे वाक्य आपल्या कामाचे आहे. परदेशातली यंत्रणा म्हणजे अखेरीस कुठल्यातरी तालुक्याचे पोलीस. आयपी पत्ता आला, त्यावरून इंटरनेट कंपनीचा ग्राहक कळला, तो अंबाजोगाईचा निघाला, तर दार वाजवायला हेगचा अधिकारी येणार नाही. आंतरराष्ट्रीय पोलीस सहकार्य या भारदस्त शब्दांचे शेवटचे टोक जिल्ह्याच्या ठाण्यात असते.

महाराष्ट्राला हा विषय नवा आहे असेही नाही. जुलै २०१६मध्ये मुंबईतल्या लहान-मध्यम इंटरनेट कंपन्यांवर २०० गिगाबिट प्रतिसेकंदाचा लोंढा सोडण्यात आला. हजारो घरांतले इंटरनेट रखडले. गुन्हा नोंदवला गेला, तेव्हाचे सायबर विभागाचे पोलीस महानिरीक्षक ब्रिजेश सिंह यांनी त्याबद्दल जाहीरपणे सांगितले. भारतात इतक्या मोठ्या लोंढ्यावर गुन्हा नोंदवण्याचे ते पहिल्या काही उदाहरणांतले. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून राज्यभर जिल्हावार सायबर प्रयोगशाळा सुरू झाल्या, त्यांतूनच पुढे जिल्ह्यांची सायबर ठाणी आकाराला आली. बीडच्या पोलीस अधीक्षकांच्या हाताखालीही असे ठाणे आहे.

जून २०२२मध्ये मलेशिया-इंडोनेशियातल्या गटांनी भारतीय साइटवर मोहीम उघडली, ठाणे शहर पोलिसांचे संकेतस्थळही त्यात सापडले. तो प्रकार पान बदलण्याचा होता, डीडॉसचा नव्हे. पण बातम्यांत दोन्ही सरसकट ‘हॅक’ होतात आणि पुढच्या तपासाचा घोळ तिथूनच सुरू होतो. एप्रिल २०२३मध्ये ‘अनॉनिमस सुदान’ म्हणवणाऱ्या गटाने भारतीय विमानतळांच्या आणि रुग्णालयांच्या साइटवर डीडॉस केले, त्यांत मुंबई आणि गोव्याचे विमानतळही होते. या गटाची गोष्ट पुरती सांगण्यासारखी आहे. धर्म आणि देश यांच्या नावाने घोषणा देणारा हा गट आपले हल्ल्याचे यंत्र भाड्यानेही देत होता. ऑक्टोबर २०२४मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने दोन सुदानी भावांवर आरोपपत्र उघड केले. दोघे त्याआधीच परदेशात ताब्यात घेतले गेले होते. त्यांच्या यंत्राने ३५,०००वर हल्ले केल्याचा आरोप होता आणि लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयावरच्या हल्ल्यासाठी एका भावाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, असे सांगण्यात आले. हीदेखील पॉवरऑफ मोहिमेचीच कारवाई. मुंबईच्या विमानतळाच्या साइटवर हल्ला करणाऱ्या गटावर आरोप ठेवले गेले ते अमेरिकेच्या न्यायालयात, अमेरिकी सावजांसाठी.

पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर मे २०२५मध्ये महाराष्ट्र सायबरने अहवाल काढला. पंधरा लाखांवर सायबर हल्ले मोजले गेले, त्यांतले दीडशे यशस्वी झाले आणि पान बदललेल्या साइटमध्ये कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेचे नाव होते. मोठ्या आकड्यांवर माझा फारसा विश्वास नाही. डीडॉसमध्ये एक मागणी मोजायची की एक मोहीम, यावर लाखांचे हजार आणि हजारांचे लाख करता येतात. मला बदलापूर महत्त्वाचे वाटते. शत्रूला मंत्रालय जमले नाही, नगरपरिषद जमली. बीड, परळी, माजलगाव, धारूर यांची संकेतस्थळे त्याच पायरीवर उभी आहेत.

याच दिवसांत गुजरात एटीएसने नडियादमध्ये अठरा वर्षांच्या एका तरुणाला आणि एका अल्पवयीन मुलाला धरले. पन्नासवर सरकारी साइटवर त्यांनी हल्ले केल्याचा आरोप आहे. यूट्यूबवरून शिकले, हत्यारे फुकट उतरवून घेतली, हल्ला झाल्याचे पुरावे टेलिग्रामवर मिरवले. जिल्ह्याच्या गावातले मोबाइलधारी पोरगे या बाजारात फक्त सावज असते हा समज त्या दिवशी संपायला हवा होता.

कायद्याची उणीव आहे का? फारशी नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३मध्ये संगणकाचे काम विस्कळीत करणे आणि हक्काच्या माणसाला त्यात शिरू न देणे या दोन्ही गोष्टी शब्दांत लिहिलेल्या आहेत. अप्रामाणिक हेतूने केले तर कलम ६६खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सुपारी देणारा कलम ८४-ब खाली येतो आणि त्याला शिक्षा तीच. परदेशी माणसाने परदेशात बसून भारतातल्या संगणकावर केले तरी कलम ७५मुळे कायदा लागू. तपास पोलीस निरीक्षक करू शकतो. देशाच्या सुरक्षेला धोका पोहोचवण्याच्या हेतूने हेच केले, तर कलम ६६-फ आणि जन्मठेप. नडियादच्या प्रकरणात ते लावले गेले. म्हणजे तेच बटण दाबल्याबद्दल एका टोकाला जामीनपात्र गुन्हा, दुसऱ्या टोकाला सायबर दहशतवाद. त्यात करणारा अठराखालचा असेल आणि गुन्हा कलम ६६चा असेल, तर बाल न्याय कायद्याच्या भाषेत तो किरकोळ अपराध ठरतो आणि एरवी एफआयआरही नोंदवायचा नसतो. मुलाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. फक्त मग ब्रिटन किंवा नेदरलँड्ससारखी समज देऊन मुलांना सरळ कामाला लावणारी व्यवस्था हवी. ती आपल्याकडे प्रत्येक अधिकाऱ्याच्या स्वभावावर सोडलेली आहे.

खरी अडचण वाटेची आहे. बीडच्या निरीक्षकाला एखाद्या डच सर्व्हरची नोंदवही हवी असेल तर? चौकशीपुरती माहिती इंटरपोलमार्गे मागता येते. भारताचा इंटरपोल कक्ष म्हणजे दिल्लीतली सीबीआय. ७ जानेवारी २०२५ रोजी ‘भारतपोल’ पोर्टल सुरू झाले, त्याचा हेतू हाच, की राज्यांच्या आणि जिल्ह्यांच्या पोलिसांची विनंती कागदी साखळीतून न रखडता सीबीआयपर्यंत जावी. पुरावा जागेवर गोठवून ठेवण्यासाठी जी-७ देशांचे चोवीस तास चालणारे संपर्कजाळे आहे, त्यातही भारताचा दुवा सीबीआयच. पण न्यायालयात चालेल असा पुरावा हवा, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११२खाली न्यायालयाचे विनंतीपत्र, मग गृह मंत्रालय, मग पुढचा राजनैतिक प्रवास. यात वर्ष जाणे ही काही नवलाची गोष्ट नाही. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२च्या आदेशानुसार आपल्या कंपन्यांनी नोंदी १८० दिवस ठेवायच्या आहेत. तिकडची वहीही तेवढीच टिकली, तर पत्र पोहोचेपर्यंत ती कोरी. २००१च्या बुडापेस्ट करारात भारत नाही, कारण तो करार घडवताना आपल्याला विचारले नव्हते, अशी दिल्लीची जुनी भूमिका. संयुक्त राष्ट्रांचा नवा सायबर गुन्हेगारी करार २५ ऑक्टोबर २०२५ रोजी हनोईत सह्यांसाठी खुला झाला, पण चाळीस देशांनी मान्यता दिल्याखेरीज तो अमलात येत नाही. तोवर पॉवरऑफसारख्या मोहिमा मैत्रीवर आणि टेलिफोनवर चालतात. त्या टेलिफोनच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी असावे लागते.

बीडने आंतरराष्ट्रीय पोलीस सहकार्य कधी पाहिलेच नाही असे मात्र नाही. गेवराईचा झबिउद्दीन अन्सारी ऊर्फ अबू जुंदाल २००६च्या औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणानंतर निसटला, २६/११च्या मुंबई हल्ल्याच्या वेळी कराचीतल्या नियंत्रण कक्षात होता असा आरोप झाला, आणि पाकिस्तानी पारपत्रावर सौदी अरेबियात सापडला. तो भारतीय असल्याचे पटवायला कुटुंबीयांच्या डीएनएचा आधार घेतला गेला. जून २०१२मध्ये सौदीने त्याला दिल्लीला धाडले. तिथे देह होता, रक्त होते, एकमेकांशी भांडणारे देश होते आणि दिल्लीची पूर्ण इच्छाशक्ती होती. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा ऑगस्ट २०१८चा दरोडा हे दुसरे उदाहरण. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे उपसले गेले, हाँगकाँगला रक्कम वळवली गेली, एकूण ९४ कोटी. तरी पुणे पोलिसांनी हाँगकाँगहून काही रक्कम परत आणली आणि एप्रिल २०२३मध्ये न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले. आपल्या पोलिसांना जमते. प्रकरण मोठे असावे लागते, इतकेच. पंधरा युरोच्या हल्ल्यात, अर्धा तास बसलेल्या साइटमध्ये, कुणाला मोठे काही दिसत नाही.

म्हणून मला अलास्काचे उदाहरण बीडसाठी सर्वांत उपयोगाचे वाटते. मिराईचा तपास न्यूयॉर्कने किंवा वॉशिंग्टनने केला नाही. तो केला एफबीआयच्या अँकरेज कार्यालयाने, जे त्यांच्या अगदी लहान कार्यालयांत मोडते. बर्फ, अस्वले आणि विरळ वस्ती. तिथल्या अधिकाऱ्यांपुढे पहिला प्रश्न अधिकारक्षेत्राचा होता: जगभर पसरलेल्या गुन्ह्याशी अलास्काचा संबंध काय? त्यांनी अलास्कातल्या घराघरांत जाऊन मिराईची लागण झालेली यंत्रे शोधली. कुणाचा राउटर, कुणाचा कॅमेरा. आपल्या हद्दीत गुन्हा घडला आहे हे त्या धूळ खात पडलेल्या डब्यांनी सिद्ध झाले. मग तिघे तरुण सापडले, डिसेंबर २०१७मध्ये त्यांचे कबुलीजबाब झाले, आणि सप्टेंबर २०१८मध्ये अँकरेजच्या न्यायालयाने त्यांना तुरुंगाऐवजी पाच वर्षे देखरेख, २,५०० तास सेवा आणि पोलिसांना मदत करण्याचे बंधन दिले. त्यानंतरच्या बुटरविरोधी कारवायांमध्येही अलास्काचे नाव सातत्याने येते. ऑगस्ट २०२५मध्ये ‘रॅपर बॉट’ हे ऐंशीवर देशांत सावज करणारे भाडोत्री यंत्रजाळे बंद झाले, ओरेगॉनमधल्या बावीस वर्षांच्या तरुणावर आरोप ठेवला गेला, आणि खटला दाखल झाला तो अलास्कात.

जाणकार अधिकारी दिल्लीतच असतात असा आपला समज आहे. अँकरेजने तो खोटा पाडला. स्थानिक तक्रार, स्थानिक यंत्र आणि चिकाटीचे मोजके अधिकारी एवढ्या भांडवलावर त्यांनी जगाचा तपास आपल्या टेबलावर ओढला. बीडकडे यातले पहिलेच नाही: तक्रार. लहान केबल इंटरनेटवाल्याकडे हल्ला झाला तर तो वरच्या पुरवठादाराला फोन लावतो, रात्र जागवून काढतो, गिऱ्हाइकांना ‘फायबर तुटलंय’ सांगतो. सर्ट-इनला सहा तासांत कळवणे कायद्याने बंधनकारक आहे हे किती जणांना माहीत असेल? पतसंस्था तर साइट बंद पडल्याचे बोलायलाच घाबरते. अलीकडच्या वर्षांत या जिल्ह्याने ठेवीदारांच्या रांगा पाहिल्या आहेत, त्यामुळे ती भीती समजू शकते. पण गुन्हा नोंदला नाही तर बीड नकाशावर येत नाही. युरोपोलच्या हाती पुढची वही लागेल तेव्हा तिच्यात मराठवाड्यातले पत्ते असले, तरी ते कुणाला द्यायचे आणि कुठल्या गुन्ह्याशी जोडायचे याचे उत्तर नसेल.

भारताने पॉवरऑफमध्ये जावे हे खरे, पण तो निर्णय दिल्लीचा. जिल्ह्यात करण्यासारखे त्याहून सोपे आहे. इंटरनेट पुरवणाऱ्यांनी आणि संस्थांनी हल्ल्याच्या वेळेच्या नोंदी, मागण्यांचे पत्ते, पडद्याचे फोटो जपून ठेवावेत आणि सायबर ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. १९३० हा क्रमांक पैशांच्या फसवणुकीसाठी, राज्याचा १९४५ सायबर तक्रारींसाठी, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल इतर सर्वांसाठी आहे. कॅमेरे बसवणाऱ्याने पासवर्ड बदलून दिल्याशिवाय बिल चुकते करू नये. अकरावी-बारावीच्या वर्गात आणि शिकवण्यांत एकदा स्पष्ट सांगावे, की मित्राचे इंटरनेट गंमत म्हणून पाडणे हा गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये एका ओळीच्या जाहिरातीने जे झाले ते इथे न व्हायला काही कारण नाही. आणि ठाण्यात कुणी ‘साइट पाडली’ म्हणून आला, तर ‘पैसे किती गेले’ हा पहिला प्रश्न विचारून त्याला परत पाठवू नये. कलम ६६खाली गुन्हा नोंदवायला बीडच्या ठाण्याला हेगचीही गरज नाही आणि दिल्लीच्या परवानगीचीही नाही.